हृदयविकाराची रक्ततपासणी: स्त्री-पुरुषांना एकच आकडा लावणे थांबवा (आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र)

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री

विषय: हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांसाठी लिंगनिहाय मर्यादा, किटखरेदीच्या अटी आणि उपचारांची नोंद

महोदय,

छातीत दुखते म्हणून एक स्त्री आणि एक पुरुष तातडीच्या विभागात येतात. इसीजीत ठोस काही सापडत नाही. दोघांच्याही रक्तात ट्रोपोनिन आय (हृदयस्नायूतले एक प्रथिन) निघते २२ नॅनोग्रॅम प्रति लिटर. अ‍ॅबटच्या आर्किटेक्ट यंत्रावरील उच्च-संवेदनशील ट्रोपोनिनची सर्वांसाठीची मर्यादा २६ आहे. रिपोर्टवर तेवढा एकच आकडा छापलेला असेल, तर दोघेही मर्यादेच्या आत ठरतात. पण याच किटची स्त्रियांसाठीची मर्यादा १६ आहे आणि पुरुषांसाठीची ३४. ती लावली की पुरुष मर्यादेच्या बराच आत राहतो आणि स्त्रीच्या हृदयस्नायूला इजा झाल्याचे कागदावर स्पष्ट दिसते. रक्त तेच, यंत्र तेच, रिएजंटही तेच. निर्णय फिरतो तो छापलेल्या आकड्यावर.

हा आकडा कोणता असावा, तो कोणत्या किटवर लावावा आणि तो ओलांडल्यानंतर पुढे काय व्हावे, या तीन गोष्टी आपल्या खात्याने एकाच परिपत्रकात बांधाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र आहे. तिन्ही एकत्र हव्यात असा आमचा आग्रह का आहे, ते पुढे येईलच.

आधी हा फरक येतो कुठून ते पाहू. ट्रोपोनिन हे हृदयस्नायूच्या पेशींमधले प्रथिन. पेशीला इजा झाली की ते रक्तात उतरते, पण अगदी निरोगी माणसाच्या रक्तातही त्याचा अंश असतोच. पुरुषांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात स्नायूचे वस्तुमान जास्त असते, त्यामुळे हा मूळ अंशही त्यांच्यात जास्त. 'मर्यादा' म्हणून जो ९९वा शतमक वापरतात, तो निरोगी लोकांपैकी ९९ टक्के ज्याच्या खाली असतात असा आकडा. स्त्रिया आणि पुरुष एकाच यादीत घालून तो काढला, की यादीच्या वरच्या टोकाला बहुतांश पुरुषच उरतात आणि मर्यादा त्यांच्याकडे ओढली जाते. म्हणून सामाईक आकडा पुरुषांना थोडा कडक आणि स्त्रियांना फार सैल पडतो. हृदयविकाराच्या झटक्याच्या २०१८ सालच्या चौथ्या जागतिक व्याख्येने उच्च-संवेदनशील चाचण्यांसाठी लिंगनिहाय मर्यादाच वापरण्याची शिफारस केली आहे. ही मागणी आम्ही नव्याने काढलेली नाही. अंमलबजावणी तेवढी राहिली आहे.

तिचा परिणाम किती मोठा असतो, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील एका अभ्यासातून दिसते. जुनी चाचणी आणि तिची ५० नॅनोग्रॅमची एकच मर्यादा बाजूला ठेवून उच्च-संवेदनशील चाचणी आणि १६ व ३४ या मर्यादा लावल्या, तेव्हा स्त्रियांमधील हृदयविकाराच्या झटक्याचे निदान ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये ते १९ वरून २१ झाले, म्हणजे जवळपास होते तिथेच. या नव्याने सापडलेल्या स्त्रिया किरकोळ आजाराच्या नव्हत्या. ज्यांचे ट्रोपोनिन १७ ते ४९ च्या दरम्यान होते, त्यांच्यापैकी सुमारे एक चतुर्थांश जणींना वर्षभरात पुन्हा झटका आला किंवा त्यांचा मृत्यू झाला. ५० च्या वर असलेल्यांमध्येही प्रमाण साधारण तेवढेच होते, आणि १६ पर्यंत असलेल्यांमध्ये ४ टक्के. जुन्या चाचणीवर या मधल्या गटाला झटक्याचे निदानच मिळाले नसते.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल की मर्यादा बदला, काम झाले. तसे होत नाही, आणि हे आपल्याला आधीच सांगणे आम्हाला भाग आहे. त्याच देशातील दहा रुग्णालयांत ४८,२८२ रुग्णांवर हाय-स्टिक्स हा मोठा अभ्यास झाला. त्यात लिंगनिहाय मर्यादा लावल्यावर हृदयस्नायूची इजा ओळखल्या गेलेल्या स्त्रियांची संख्या ४२ टक्क्यांनी वाढली, पुरुषांची ६ टक्क्यांनी. तरीही स्त्रियांमध्ये पुढच्या वर्षभरातले झटके आणि मृत्यू कमी झाले नाहीत. इजा ओळखल्यानंतरही त्यांना मिळालेले हृदयधमन्यांच्या आजारावरचे उपचार पुरुषांच्या तुलनेत साधारण निम्मेच होते. नव्या मर्यादेने ओळखल्या गेलेल्या अनेक रुग्णांत इजेचे कारण धमनीतली गुठळी नसून दुसरेच असते, हेही या निकालामागचे एक कारण आहे. पण ज्यांना अँजिओग्राफी, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे हवी होती, त्या सगळ्यांपर्यंत ती पोचली, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. फक्त प्रयोगशाळांना उद्देशून काढलेले परिपत्रक अपुरे पडेल, ते याचमुळे.

दुसरा धोका याच्या उलट आहे. 'स्त्रियांसाठी सर्व मर्यादा खाली आणाव्यात' असा सरसकट आदेश निघाला, तर नुकसान होईल. प्रत्येक मार्करची, म्हणजे आजाराची खूण दाखवणाऱ्या रक्तातल्या घटकाची, दिशा वेगळी असते.

हृदय निकामी होण्याच्या निदानासाठी वापरले जाणारे एनटी-प्रोबीएनपी घ्या. निरोगी तरुण स्त्रियांमध्ये ते त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त असते, कारण टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके या प्रथिनाला दाबून ठेवतात. मग स्त्रियांसाठी मर्यादा वर न्यावी काय? नाही. हृदयाची आकुंचनक्षमता टिकून असताना हृदय निकामी होण्याचा जो प्रकार आहे, तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो आणि त्यात एनटी-प्रोबीएनपी मुळातच कमी चढते. त्यात लठ्ठपणा असेल तर आणखी कमी. निरोगी स्त्रियांचा आकडा जास्त म्हणून मर्यादा वर नेली, तर याच रुग्ण स्त्रिया हातातून निसटतील. तातडीच्या विभागात धाप लागलेल्या रुग्णासाठी ३०० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली 'हृदय निकामी असण्याची शक्यता फार कमी' आणि निदान पक्के करण्यासाठी ५० वर्षांखाली ४५०, ५० ते ७५ मध्ये ९००, ७५ च्या वर १८०० या वयानुसारच्या मर्यादा चालतात. स्त्री-पुरुष दोघांसाठीही त्या त्याच राहू द्याव्यात. रिपोर्टवर वय, वजन, मूत्रपिंडाचे कार्य आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आहे का, एवढे दिसले तरी अर्थ लावणे पुष्कळ सोपे होते.

शरीरातील सूज दाखवणाऱ्या एचएस-सीआरपी या चाचणीची गोष्ट तिसरीच. १ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी तिची रूढ विभागणी आहे आणि ती स्त्री-पुरुषांना एकच लावली जाते. स्त्रियांमध्ये सरासरी पातळी थोडी जास्त असते. शिवाय इस्ट्रोजेनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या, मग त्या गर्भनिरोधक असोत वा रजोनिवृत्तीनंतरच्या, यकृतातून जाताना सीआरपी वाढवतात. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेन पट्टीने तसे होत नाही. म्हणजे तपासणीच्या फॉर्मवर 'हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का' हा एक प्रश्न नसेल, तर ३.५ या आकड्याचा अर्थ डॉक्टरला लावता येणार नाही. १० च्या वर आकडा आला तर तो हृदयाच्या जोखमीसाठी वाचूच नये. जंतुसंसर्ग किंवा सूज ओसरल्यावर, किमान दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. आणखी दोन मार्करपैकी गॅलेक्टिन-३ स्त्रियांमध्ये जास्त आणि विद्राव्य एसटी-२ पुरुषांमध्ये जास्त, एवढा उल्लेख पुरे. रोजच्या सेवेत या दोन चाचण्यांची गरज आज नाही.

एका मार्करवर विसंबणे स्त्रियांना का महागात पडते, हे टॅक्टिक्स-टिमी १८ या अभ्यासाच्या २००४ मधील विश्लेषणाने दाखवून दिले. अस्थिर छातीदुखीच्या रुग्णांमध्ये पुरुषांत ट्रोपोनिन आणि सीके-एमबी (स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारे विकर) वाढलेले असण्याची शक्यता जास्त होती, तर स्त्रियांत एचएस-सीआरपी आणि बीएनपी (एनटी-प्रोबीएनपीचे जोडीदार संप्रेरक). त्याच विश्लेषणात ट्रोपोनिन वाढलेल्या स्त्रियांना लवकर अँजिओग्राफी करण्याचा फायदा झाला, न वाढलेल्यांना झाला नाही. म्हणून स्त्रियांच्या बाबतीत ट्रोपोनिनची मर्यादा बिनचूक असणे हा उपचाराचा प्रश्न आहे, केवळ निदानाचा नव्हे.

आजार होण्याआधीच्या भाकितातही लिंग मोजावे लागते. बाह्यतः निरोगी लोकांमध्ये ट्रोपोनिन आयवरून दीर्घकालीन धोका ठरवताना अ‍ॅबटच्या चाचणीत स्त्रियांसाठी ४ च्या खाली कमी आणि १० च्या वर जास्त धोका मानतात. पुरुषांसाठी हेच आकडे ६ आणि १२. नॉर्वेतील हंट अभ्यासात ट्रोपोनिन आय आणि पुढील हृदयमृत्यू यांचा संबंध पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक ठळक निघाला. अमेरिकेतील २७,९३९ निरोगी स्त्रियांचे एकदाच घेतलेले एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), लिपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) आणि एचएस-सीआरपी हे तीन आकडे पुढच्या ३० वर्षांतल्या हृदयविकाराबद्दल बरेच काही सांगून गेले. तो निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट, झटक्यानंतरचा मृत्यूचा धोका मोजणाऱ्या ग्रेस गुणांकनात लिंगाचा रकानाच नव्हता. २०२२ मध्ये चार लाखांहून जास्त रुग्णांवर ते तपासले, तेव्हा ते स्त्रियांचा रुग्णालयातील मृत्यूचा धोका कमी दाखवते असे आढळले. गुणांकन कमी निघाले की रुग्ण लवकर अँजिओग्राफीच्या यादीत खाली सरकतो. हाय-स्टिक्समध्ये दिसलेली उपचारांची तूट अशाही वाटांनी तयार होते.

लिंगनिहाय मर्यादा म्हणजे प्रयोगशाळांवर नवे ओझे, असा आक्षेप येईल. पण प्रत्येक प्रयोगशाळा हे आजही करते. हिमोग्लोबिनची मर्यादा पुरुषांना १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांना १२ आहे. चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली गेले की कमी धरतात. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे कार्य काढणाऱ्या सूत्रात लिंग घातल्याशिवाय उत्तरच मिळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. ट्रोपोनिनच्या ओळीत ती चालू करायची आहे.

खरी अडचण आहे ती किटची. स्त्रियांसाठीची १६ ची मर्यादा जुन्या, साध्या ट्रोपोनिन किटवर लावता येत नाही. जो किट ४० किंवा ५० च्या खाली नीट मोजतच नाही, त्याच्या रिपोर्टवर १६ छापले तर ती केवळ दिशाभूल ठरेल. हातात धरून करायच्या, 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' दाखवणाऱ्या कार्ड चाचण्यांना तर लिंगनिहाय मर्यादेचा काही अर्थच नाही. म्हणून निविदेत ही अट स्पष्ट शब्दांत हवी: ९९व्या शतमकाच्या पातळीवर मोजणीतला विचलन-गुणांक (तोच नमुना पुन्हा मोजल्यावर आकडा किती हलतो ते) १० टक्के किंवा कमी असावा, आणि निरोगी पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त व निरोगी स्त्रियांपैकीही निम्म्याहून जास्त व्यक्तींमध्ये ट्रोपोनिन मोजता यावे. यातला 'स्त्रियांपैकीही' हा भाग गाळू देऊ नये. पुरुष आणि स्त्रिया एकत्र धरून निम्मे दाखवणारा किट स्त्रियांमध्ये कमी पडू शकतो. निर्मात्याने मर्यादा किती निरोगी स्त्रियांवर आणि किती पुरुषांवर काढली हेही मागावे. प्रत्येकी किमान ३०० हा आंतरराष्ट्रीय शिरस्ता आहे.

मर्यादा किटगणिक बदलते, हे खरेदी विभागाला ठासून सांगावे लागेल. आर्किटेक्टचे १६ आणि ३४ दुसऱ्या कंपनीच्या ट्रोपोनिन आयवर चालत नाहीत, ट्रोपोनिन टी या ट्रोपोनिनच्या दुसऱ्या प्रकारावर तर मुळीच नाही. रोशच्या ट्रोपोनिन टीची अनेक देशांत वापरली जाणारी सामाईक मर्यादा १४ आहे. त्याच चाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती स्त्रियांसाठी १४, पुरुषांसाठी २२ आणि सामाईक १९ या आकड्यांनी. निरोगी म्हणून कोणाला निवडले, यावर हा आकडा हलतो. म्हणून परिपत्रकात एक आकडा न देता 'त्या किटची प्रमाणित लिंगनिहाय मर्यादा' असे लिहावे, आणि किट बदलला की नवी मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये भरून दोन व्यक्तींनी तपासल्याशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जाऊ नये. एककही ठरवून द्यावे: नॅनोग्रॅम प्रति लिटर, पूर्णांकात. काही ठिकाणी अजून ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर असे लिहितात; ते ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर होते, आणि घाईत दशांश चिन्ह चुकले की दहापट घोटाळा होतो.

खालच्या मर्यादेवर काम करायचे तर गुणवत्ता तपासणीही खालच्या पातळीवर करावी लागते. आज अनेक प्रयोगशाळा नियंत्रण नमुना (यंत्र तपासण्यासाठीचा, आधीच माहीत आकड्याचा नमुना) शेकड्यांच्या पातळीचा चालवतात. तिथे यंत्र उत्तम चालत असले तरी १६ जवळ ते घसरलेले असू शकते. रिएजंटचा लॉट बदलताना ३ नॅनोग्रॅमचा सरक आला, तर पुरुषांच्या ३४ च्या तुलनेत ती ९ टक्क्यांची चूक, स्त्रियांच्या १६ च्या तुलनेत जवळपास १९ टक्क्यांची. म्हणून स्त्रियांच्या मर्यादेजवळचा एक नियंत्रण नमुना रोज, आणि प्रत्येक नव्या लॉटवर जुन्या रुग्ण-नमुन्यांशी तुलना, हे बंधनकारक असावे.

नमुन्याच्या बाबतीत दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. लाल पेशी फुटलेला नमुना ट्रोपोनिन टी खोटेच कमी दाखवू शकतो, आणि काही ट्रोपोनिन आय चाचण्यांत आकडा वर किंवा खाली नेऊ शकतो. असा नमुना पुन्हा घ्यावा. दुसरी गोष्ट बायोटिनची. केस आणि नखांसाठी मोठ्या मात्रेत घेतले जाणारे बायोटिन काही ट्रोपोनिन चाचण्यांमध्ये आकडा खोटेच कमी करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. स्त्रियांची मर्यादा आधीच लहान, त्यात आकडा कृत्रिमरीत्या खाली. तातडीच्या विभागात हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे.

नोंदणीच्या खिडकीवरची एक चूक सगळे वाया घालवू शकते. लिंगाचा रकाना रिकामा राहिला तर सॉफ्टवेअर आपोआप पुरुषाची मर्यादा लावणार नाही, अशी तरतूद हवी. अशा वेळी दोन्ही मर्यादा छापाव्यात. पारलिंगी व्यक्ती वर्षभराहून जास्त काळ हार्मोन घेत असतील, तर त्यांच्या ट्रोपोनिनची पातळी साधारणपणे त्यांनी स्वीकारलेल्या लिंगाच्या पातळीसारखी दिसते. त्यांच्याही रिपोर्टवर दोन्ही मर्यादा असाव्यात आणि निर्णय डॉक्टरने घ्यावा.

आता तातडीच्या विभागाबद्दल. झटका नसल्याचे ठरवण्याच्या टप्प्यावर लिंगनिहाय आकड्याची गरज नाही. आर्किटेक्टवर पहिल्याच नमुन्यात ट्रोपोनिन ५ च्या खाली असेल तर पुढच्या ३० दिवसांत झटका किंवा हृदयमृत्यू न होण्याची खात्री ९९.६ टक्के असल्याचे २०१५ च्या एका अभ्यासात दिसले. त्यातल्या सुमारे ६१ टक्के रुग्णांचा आकडा ५ च्या खाली होता. लक्षणे सुरू होऊन जेमतेम दोन-तीन तास झाले असतील तर मात्र एका नमुन्यावर सोडू नये. मर्यादा खाली आणल्याने खाटा भरतील, या भीतीला उत्तर इथेच आहे: दारातच सुरक्षितपणे घरी पाठवता येणाऱ्यांची संख्या मोठी असते. लिंगनिहाय मर्यादा उपयोगी पडते ती मधल्या गटात, म्हणजे पहिल्या नमुन्यानंतर ना सोडता येते ना झटका म्हणता येतो अशा रुग्णांत. त्यांचा दुसरा नमुना एक ते तीन तासांत घ्यावा आणि दोन आकड्यांमधला फरक रिपोर्टवरच छापावा. मर्यादेपेक्षा वरचा एकच आकडा म्हणजे इजा. झटका म्हणण्यासाठी आकडा चढता किंवा उतरता हवा, आणि सोबत लक्षणे, इसीजी किंवा प्रतिमाचित्रणातून रक्तपुरवठा खुंटल्याचा पुरावा हवा. हे वाक्य रिपोर्टच्या तळाशी छापले तर अकारण भीतीही कमी होईल.

झटका पक्का झाला आणि अँजिओग्राफीत मोठा अडथळा दिसला नाही, म्हणून 'हृदय ठीक आहे' असे सांगून अनेक स्त्रियांना घरी पाठवले जाते. धमनीचा थर आपोआप फाटणे आणि ताणामुळे येणारा टाकोत्सुबो (हृदयस्नायूचा तात्पुरता अशक्तपणा), या दोन्हींचे बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असतात. अशा वेळी इकोकार्डिओग्राफी आणि शक्य तिथे हृदयाचा एमआरआय करूनच फाइल बंद व्हावी.

परिपत्रकाच्या अंमलबजावणीचा क्रमही सुचवतो. आधी तीन महिने रिपोर्ट जुन्याच पद्धतीने द्यावेत, पण साठवलेल्या माहितीवर दोन्ही मर्यादा लावून किती स्त्रिया नव्याने वर जातात ते मोजावे. त्यावरून खाटा, अँजिओग्राफीच्या वेळा आणि प्रशिक्षण यांचा अंदाज बांधावा. मग एकाच दिवशी बदल करावा. एका वॉर्डात जुना आणि दुसऱ्यात नवा आकडा चालू ठेवू नये. त्या दिवसापासून मर्यादा ओलांडलेल्या प्रत्येक रुग्णाबाबत पाच गोष्टी लिंगनिहाय नोंदवाव्यात: दुसऱ्या नमुन्याची वेळ, अँजिओग्राफी झाली का, अ‍ॅस्पिरिन व दुसरे रक्तगुठळीविरोधी औषध, स्टॅटिन, आणि वर्षभरातला पुन्हा झटका किंवा मृत्यू. नोंद दर तिमाहीला जाहीर व्हावी. ज्या रुग्णालयात त्याच निदानाच्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा बरेच कमी उपचार मिळताना दिसतील, त्यांच्याकडून कारण लेखी मागवावे.

यातले बरेचसे काम प्रयोगशाळा आणि हृदयरोग विभाग स्वतः करू शकतात. किटच्या निविदेतली अट मात्र आपल्या सहीशिवाय बदलणार नाही. साध्या ट्रोपोनिन किटचा करार एकदा झाला की तो संपेपर्यंत वर दिलेल्या एकाही मर्यादेचा उपयोग करता येणार नाही. पुढची निविदा निघण्यापूर्वी तिचा मसुदा आम्हाला तपासायला द्यावा. लागतील ते तांत्रिक तपशील आम्ही लेखी देऊ.

आपले,
हृदयरोग आणि रक्ततपासणी या क्षेत्रांत काम करणारे डॉक्टर व प्रयोगशाळा तज्ज्ञ